सातव्या भोकाची तीन टिंबं

बसवाल्या बाई फाटकातून आत शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बोल्ट होता, आणि तो त्यांनी असा धरला होता की समोर येईल त्याच्या डोळ्यात खुपसावा. मागे टेम्पोतून त्यांच्या दोन नंबरच्या बसचं इंजिन उतरत होतं. हेड, म्हणजे वरचं जड झाकण, काढलेलं; उघडं, काळंमिट्ट.

"मिस्त्री, हे बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं काम माझ्या हातात आलंय."

बोल्टच्या आट्यांभोवती तारेची एक स्प्रिंग घट्ट गुंडाळून आली होती. ती स्प्रिंग खरं तर भोकात राहायला हवी. इंजिनाच्या ब्लॉकमधल्या भोकाचे आटे झिजले की भोक थोडं मोठं करायचं, नवे आटे पाडायचे आणि त्यात ही तारेची स्प्रिंग फिरवून बसवायची. आतल्या बाजूने ती जुन्या मापाचे आटे देते, बोल्ट तिच्यात बसतो आणि पुढची वीस वर्षं कुणी त्या भोकाची आठवण काढत नाही. पण बोल्ट सोडवताना स्प्रिंगच उपटून हातात येते, तेव्हा ती बसवणाऱ्याने भोकात आटे नाही, नुसती आशा पाडली होती असं समजावं.

"चढावर बंद पडली बस," बाई म्हणाल्या. "बत्तीस माणसं आत. वाफेचा लोट असा उठला की बाया पोरांना खिडकीतून बाहेर द्यायला लागल्या. ड्रायव्हरनं ब्रेकवर उभं राहून बस धरली म्हणून मी इथं भांडायला आलेय, नाहीतर कुठं गेले असते कोण जाणे. सातवं भोक. आणि शेजारी कुणाची टिंबं आहेत ते बघा. तीन!"

तीन टिंबं म्हणजे मिस्त्रींची मुलगी. तिला सगळे ठिणगी म्हणतात. हे नाव तिला वयाच्या चौथ्या वर्षी बापानेच दिलं, आणि आता चाळिशीला टेकली तरी ते खाली उतरलेलं नाही, उतरण्यासारखं ती काही करतही नाही. ती त्या वेळी आतल्या अंगाला ड्रिल मशीनवर होती. मशीन बंद करून, हात पुसत ती बाहेर येत होती तेवढ्यात तिला बापाचं उत्तर ऐकू आलं.

"झालं असेल पोरीकडून," मिस्त्री म्हणाले. "हल्ली लक्ष नसतं तिचं. मी बोलतो तिच्याशी."

ठिणगी दारातच थांबली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे ज्यांना नीट ठाऊक नसेल त्यांनी त्या वेळी तिचे कान बघायला हवे होते.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. "नुसतं बोलून माझं भागत नाही. तीन टिंबं बघून मी डोळे मिटून इंजिन घेऊन जात होते, मिस्त्री. गावभर सांगत होते. आता उद्या सकाळी येते मी. पोरगी माझ्या इंजिनांना हात लावणार नाही, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. नाहीतर माझी तिन्ही इंजिनं दुसरीकडे जातील, आणि का गेली ते जो विचारेल त्याला मी सांगेन."

बोल्ट टेबलावर आपटून त्या निघून गेल्या. ठिणगीकडे त्यांनी बघितलंही नाही. तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर तिला परवडलं असतं.

टिंबांचा कायदा मिस्त्रींचाच. या कारखान्यात जो ज्या भोकाला हात लावेल त्याने काम झाल्यावर त्या भोकाशेजारी टोकदार पोलादी पंच ठोकून आपली खूण ठेवायची. बापाचं एक टिंब, थोरल्या दादाची दोन, ठिणगीची ओळीत तीन. कागद हरवतो, माणूस विसरतो, पण ब्लॉकवर मारलेला पंच इंजिन भट्टीत जाईपर्यंत राहतो. "काम चांगलं झालं तर टिंब कुणी बघत नाही," मिस्त्री सांगायचे, "आणि वाईट झालं तर टिंबाशिवाय काही बघत नाहीत. म्हणून आधी काम, मग टिंब." हे वाक्य ठिणगीने इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत उठवून विचारलं तरी ती बापाच्या आवाजात म्हणून दाखवायची. मुलगी म्हणून तिला ड्रिलवर उभं करताना शेजारपाजारचे हसले होते. हसणाऱ्यांची तोंडं बंद केली ती याच तीन टिंबांनी, आणि त्याला चौदा वर्षं लागली होती.

"मी हे केलेलं नाही," ती म्हणाली.

मिस्त्री आपल्या स्टुलावर बसून चहात बघत होते. "टिंबं आहेत ना," ते म्हणाले आणि उठून मागे हात धुवायला गेले.

दादा ब्लॉकपाशी उभा होता. तो थोरला असला तरी भांडणात नेहमी धाकट्यासारखा मागे असतो. "होतं गं कधीतरी," तो म्हणाला. "मी मी म्हणणाऱ्यांचे हात चुकतात. उद्या बाई आल्या की एकदा माफी माग आणि मिटव. बाई मनाच्या वाईट नाहीत."

"न केलेल्या कामाची माफी मागू?"

"मग काय टिंबं आपोआप उगवली?"

तिने दिवा ओढून ब्लॉकवर आणला आणि सातव्या भोकात वाकून बघितलं. पहिल्याच नजरेत तिला दोन गोष्टी दिसल्या. आटे पाडायचा टॅप वाकडा शिरला होता, डावीकडे कललेला, त्यामुळे एका बाजूला आटे पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला नावाला. आणि भोकाच्या तळाशी धातूचा किस तसाच दाबून बसला होता. तिने चिमटा घातला, किस उकरून काढला. त्याच्याखालून तारेचा एक बारीक तुकडा निघाला, नखाएवढा, वाकडा.

स्प्रिंगच्या खालच्या टोकाला एक आडवी शेपटी असते. तिला धरून स्प्रिंग आत फिरवायची, आणि बसली की शेपटी मोडून बाहेर काढायची. ती आत राहिली तर बोल्ट तिच्यावर आणि किसावर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा थांबतो, आवळणारा समाधानाने हात झटकतो, आणि हेड मात्र खाली दाबलं गेलेलंच नसतं. मग चढावर इंजिन तापतं, हेडखालचं गॅस्केट फाटतं, आणि बत्तीस माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात.

ठिणगीने शेपटी कधी भोकात सोडली नव्हती. खिडकीत तिची काचेची बरणी होती. मोडलेली प्रत्येक शेपटी ती त्या बरणीत टाकायची. बरणीत आवाज आला की भोक झालं, नाही आला की नाही झालं, असा तिचा साधा हिशेब. दादा तिला यावरून चिडवायचा, म्हणायचा, लोक लोणची घालतात आणि आमची बहीण शेपट्या घालते.

"ही माझी?" तिने चिमटा त्याच्या नाकासमोर धरला. "बघ ना. ही मी सोडीन?"

दादाचा चेहरा जरा उतरला. तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं. तिने खणातलं भिंग आणलं आणि तीन टिंबांवर धरलं. ओळीत होती. अंतर बरोबर होतं. पण प्रत्येक टिंबाच्या कडेला एक बारीक दात होता, जसा उंदराने कुरतडलेल्या भाकरीच्या काठाला असतो.

असा दात पाडणारा पंच या कारखान्यात एकच होता. तो बापाचा. फार वर्षांपूर्वी फरशीवर पडून त्याच्या टोकाचा टवका उडाला होता. दादाने कितीदा म्हटलं, घासून देतो. मिस्त्री म्हणायचे, "राहू दे. टिंब माझं आहे हे लांबून कळतं."

तिने भिंग दादाकडे दिलं. त्याने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि भिंग खाली ठेवून इकडे तिकडे बघायला लागला. त्यावरून तिला कळलं की त्यालाही कळलं.

"ठिणगे," तो हळू आवाजात म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांचं वय बघ."

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानं वय बघायचं?"

मिस्त्री हात पुसत आत आले तेव्हा ठिणगी त्यांच्या स्टुलासमोर उभी होती. तिने त्यांच्या खणातून त्यांचा पंच काढून टेबलावर ठेवला होता. शेजारी ती शेपटी.

"बाबा, या पंचाचा दात माझ्या टिंबांना कसा आला?"

म्हाताऱ्याने पंच उचलला आणि जागच्या जागी ठेवण्यासाठी खणाकडे हात नेला. हात थरथरत होता. पंच खणाच्या कडेला दोनदा आपटला आणि मग आत गेला. तीन वर्षं झाली हा थरकाप सुरू होऊन. चहाचा कप अर्धाच भरायचा, बटणं दादाने लावायची, आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, असं घरात आपोआप ठरून गेलं होतं.

"तुम्ही भोक केलंत," ती म्हणाली. "वाकडं केलंत. किस तसाच ठेवलात. शेपटी आत सोडलीत. तेही एक वेळ सोडून देऊ. पण त्यावर माझं नाव मारलंत! आणि आज त्या बाईसमोर म्हणालात, लक्ष नसतं तिचं! मी दारात उभी होते, बाबा. मी ऐकलं. चौदा वर्षं मी त्या तीन टिंबांसाठी हात जाळून घेतले आणि तुम्ही ती उधळलीत, लग्नात अक्षता उधळतात तशी!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! मला लहानपणी कुणी शिकवलं, टिंब खोटं बोलत नाही म्हणून? कुणी?"

"मीच शिकवलं," मिस्त्री म्हणाले. मग एकदम त्यांचाही आवाज चढला. ठिणगी आकाशातून पडलेली नव्हती, घरातच पेटलेली होती. "मीच शिकवलं ना? मग तू काय केलंस? दोन वर्षं दुपारी मी पडायला गेलो की माझी भोकं कोण उघडत होतं?"

ठिणगीने दादाकडे बघितलं.

"मला कळत नाही असं वाटलं तुला?" म्हातारा म्हणाला. "स्प्रिंगांचा डबा दुकानातून कोण आणतो? मी आणतो. गेल्या वर्षी या कारखान्यात भोकं झाली चाळीस. स्प्रिंगा गेल्या एकसष्ट. वरच्या एकवीस कुठं गेल्या? तुझ्या त्या बरणीतल्या शेपट्या मी एका रविवारी कागदावर ओतून मोजल्या. मी टाकलेली स्प्रिंग काढायची, सरळ टॅप फिरवायचा, नवी बसवायची, आणि शेजारी माझं टिंब तसंच ठेवायचं. दादानं वरून हेड ठोकायचं. अळीमिळी गुपचिळी. म्हाताऱ्याला वाटू दे, अजून जमतंय."

दादा जमिनीकडे बघत होता.

"तुमचं मन राखायला केलं मी ते," ठिणगी म्हणाली. आवाजातला जोर गेला होता आणि त्याचाच तिला आणखी राग आला.

"माझं मन मी राखीन. तुला सांगितलं होतं कुणी?" मिस्त्री म्हणाले. "माझ्या टिंबाखाली दुसऱ्याचं काम! लोक येऊन सांगायचे, मिस्त्री, तुमचा हात अजून तसाच आहे. मी मान डोलवायचो. आणि मला माहीत, तो हात माझा नाही. कसं वाटतं ते? म्हटलं, एक भोक तरी माझं राहू दे. चांगलं का वाईट, माझं. पण एक टिंब मारलं की तू उघडणार. मग तीन मारली. तीन टिंबांना कोण उघडतंय? तुझं तूच कशाला उघडशील?"

खरी गोष्ट होती. त्या दिवशी त्या ब्लॉकवर पाचवं आणि सहावं भोक तिनेच केलं होतं. दुपारी ती तपासायला आली होती, आणि एकटं टिंब कुठे दिसतंय का एवढंच शोधत होती. सातव्याशेजारची तीन टिंबं बघून ती पुढे गेली. मी हे केलं का, असा प्रश्न तिला पडला नाही. तिने टिंबांकडे बघितलं, भोकाकडे नाही. तिचा स्वतःवरच एवढा विश्वास होता.

"पण मग माझा पंच का नाही घेतलात?" तिने विचारलं. "माझ्या पंचानं मारली असतीत तर जन्मात कळलं नसतं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने काहीतरी घाणेरडं विचारलं. "दुसऱ्याचा पंच मी आयुष्यात कधी हातात घेतलेला नाही," तो म्हणाला.

यावर माणसाने हसावं की डोकं आपटून घ्यावं? ठिणगीने टेबलावर मूठ आपटली, इतक्या जोरात की खिडकीतल्या बरणीतल्या शेपट्या खुळखुळल्या.

"किती?" तिने विचारलं. "माझ्या नावावर अशी किती भोकं आहेत?"

मिस्त्रींनी टेबलावरची शेपटी बोटाने बाजूला सारली.

"बाबा, बस चढावर बंद पडली होती. आत पोरं होती. किती?"

"चार का पाच," ते म्हणाले. "हे धरून."

"कुठल्या इंजिनांवर?"

"सगळी बाईंच्याच. तीन नंबरवर दोन. एक नंबरवर... एक. दोन म्हण."

"दोन म्हण? भाव करताय का?"

दादाने मध्ये तोंड घातलं. त्याचं म्हणणं असं की बाईंना काहीतरी कारण सांगून दोन्ही बसेस एकेक करून आत घ्याव्यात, गुपचूप दुरुस्त कराव्यात, ताकास तूर लागू देऊ नये. एवढ्या वर्षांचं नाव आहे. ठिणगी एकदा माफी मागेल, महिनाभर बाईंच्या इंजिनांपासून लांब राहील, मग लोक विसरतील.

"म्हणजे पुन्हा तेच," ठिणगी म्हणाली. "काम एकाचं, टिंब दुसऱ्याचं. दादा, तुझी दोन टिंबं तेवढी या घरात स्वच्छ आहेत, कारण तू आयुष्यात कुठल्या भोकात नीट डोकावलाच नाहीस."

हे जरा जास्त झालं होतं. दादा तोंड फिरवून निघून गेला. त्या दिवशी तिघांनी तीन कोपऱ्यांत काम केलं आणि कुणी कुणाला पानासुद्धा मागितला नाही.

सकाळी बाई वेळेच्या आधीच आल्या. सोबत त्यांचा ड्रायव्हर होता, उजवा पाय ओढत चालणारा. ब्रेकवर उभं राहून बस धरली तेव्हा त्याचा गुडघा सुजला होता. ठिणगी रात्रभर मनात वाक्यं जुळवत होती. बापाचं नाव न घेता खरं कसं सांगायचं, आणि नाव न घेता ते खरं कसं राहणार, यात तिची झोप गेली होती. ती पुढे झाली, पण मिस्त्री आधीच उठले होते. त्यांनी खणातून छिन्नी आणि हातोडी काढली. ब्लॉकपाशी गेले. थरथरत्या हाताने छिन्नी सातव्या भोकाशेजारी टेकवली आणि तीन टिंबांवर आडवा घाव घातला. पहिला घाव सरकला. दुसरा बसला. मग त्यांनी आपला पंच घेतला आणि शेजारी एक टिंब मारलं.

"भोक माझं आहे," ते बाईंना म्हणाले. "तिचं नाव मी मारलं. काल तुमच्यासमोर खोटं बोललो. तिचं लक्ष असतं. माझा हात गेलाय."

ठिणगीला वाटलं होतं, हे ऐकलं की तिचा राग निवेल. तो निवला नाही. सगळ्यांसमोर बापाच्या तोंडून हे ऐकायला लागलं, म्हणून तिला त्याचाच नव्याने राग आला.

बाईंनी मिस्त्रींच्या हाताकडे बघितलं. मग त्या ठिणगीकडे वळल्या.

"हात कधीपासून असा आहे?"

"तीन वर्षं."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आणि या हातानं माझ्या इंजिनांना भोकं पडत होती, ते तुला चालत होतं?"

"चालत नव्हतं," ठिणगी म्हणाली. "मी मागून उघडत होते. त्यांचं काम काढून माझं करत होते. टिंब त्यांचं ठेवत होते." ती एका दमात बोलली, कारण थांबली असती तर पुढचं आलं नसतं. "तुमच्या इंजिनांवर जी एकटी टिंबं आहेत, त्यातली बरीच माझी आहेत. आणि जी तीन आहेत, त्यातली काही यांची. अजून चार भोकं तशी आहेत, एक नंबरवर आणि तीन नंबरवर. त्या बसेस आज रस्त्यावर काढू नका."

ड्रायव्हरने नकळत हात गुडघ्याला लावला.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "हा खोटं बोलला तुझ्या नावानं, तू खोटं बोललीस याच्या नावानं, आणि मी मधल्या मध्ये टिंबं बघून माणसं बसवत होते. काल मी विचार करून आले होते की एकाला घालवावं. आता कुणाला घालवू? आणि मी कुठलं टिंब खरं मानू, ते सांग."

ठिणगीने बापाकडे बघितलं. बापाने छिन्नीकडे. दादा तर ड्रिलच्या मागे उभा होता.

"तिन्ही इंजिनं उघडायची," बाई म्हणाल्या. "टिंबं न बघता. भोक न् भोक. माझ्यासमोर. आणि त्या काट्याच्या पान्यानं. हाताच्या अंदाजाचं मला सांगायचं नाही." एवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. ते मिस्त्रींचं स्टूल होतं.

काट्याचा पाना भिंतीवर टांगलेला होता. बोल्टवर किती जोर पडतोय ते त्याचा काटा दाखवतो. दादाने तो कधीतरी हौसेने आणला होता. मिस्त्रींनी त्याला कधी हात लावला नव्हता. ज्याला मनगट नाही त्याने काटा बघावा, असं ते म्हणायचे. आता दादाने पाना उतरवला, त्यावरची धूळ पुसली आणि बहिणीच्या हातात दिला. कालपासून ती त्याची पहिली हालचाल होती जिच्यावर तिला ओरडावंसं वाटलं नाही.

एक नंबरची बस दुपारपर्यंत आत आली. हेड उतरलं. भोकात बोल्ट घालायचा, त्याच्या डोक्याखाली, हेडच्या जाडीऐवजी, जाड चकत्यांची चळत, आणि पान्याने ओढत न्यायचं, पूर्ण जोर येईपर्यंत. आटे खरे असतील तर काटा चढत जातो. खोटे असतील तर मध्येच बोल्ट मऊ पडतो. ओढायला ठिणगी. काटा वाचायला मात्र कुणीतरी वाकून बघायला हवं होतं, आणि मिस्त्री न सांगता तिथे येऊन वाकले.

तीन टिंबांची चार भोकं होती. दोन टिकली. दोनांत बोल्ट अर्ध्यावरच फिरायला लागला.

"ही माझी," मिस्त्री म्हणाले. त्यांना आठवावं लागलं नाही.

मग एकट्या टिंबांची पाळी आली. पहिल्यावर तिने पाना ओढला. काटा चढला, पूर्ण जोरावर जाऊन ठरला. मिस्त्रींनी आकडा मोठ्याने वाचला, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "हे माझं का तुझं?"

कुठली भोकं आपण उघडून नव्याने केली ते ठिणगीला पाठ होतं. "माझं," ती म्हणाली.

दुसरं. काटा ठरला. "आणि हे?"

"माझं."

तिसरं. "माझं."

प्रत्येक उत्तरागणिक म्हातारा मान हलवत होता, जसा कुणी आपलाच शाळेतला जुना निकाल ऐकतो. तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याचा तिला भयंकर राग येत होता, कारण काटा धूसर दिसायला लागला होता. एकदा तिला वाटलं, एका भोकाला तरी तुमचं म्हणावं. एवढ्याशा शब्दाने कुणाचं काय बिघडणार होतं? पण याच एवढ्याशा दयेवर दोन वर्षं काढली होती तिने, आणि त्या दयेचं काय झालं ते समोर स्टुलावर बसलं होतं. चौथं भोक. "माझं," ती म्हणाली, आणि पाना गरजेपेक्षा जोरात काढून घेतला.

पाचवं भोक शेवटचं होतं. काठावर एक टिंब, कडेला दात. तिने बोल्ट फिरवला, चकत्या दाबल्या गेल्या, पाना लावला आणि ओढला. काटा चढला. ती ओढत राहिली. काटा पूर्ण जोरावर आला आणि तिथे उभा राहिला, जरासुद्धा न हलता. तिने तो तसाच धरून ठेवला, बाईंनी स्टुलावरून वाकून बघेपर्यंत.

मिस्त्रींनी आकडा वाचला. मग त्यांनी काही विचारलं नाही. उत्तर ठरलेलंच असल्यासारखे ते कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला लागले.

"हे तुमचं," ठिणगी म्हणाली.

ते अर्धवट वाकलेले तसेच थांबले. "राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे काय? तुमचं आहे. मी हे उघडलं होतं, तपासलं, आणि तसंच बंद केलं. सरळ होतं. शेपटी काढलेली होती. याच्या आट्यांना मी हात लावलेला नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय!" ती किंचाळली. हातातला पाना तिने त्या टिंबाकडे रोखला. "खरंच सांगतेय, बाबा! तुमचं आहे!"

बाईंनी मान दुसरीकडे वळवली. म्हाताऱ्याने त्या एकट्या टिंबावर अंगठा ठेवला, दातावरून फिरवला, आणि लेकीकडे बघितलं. त्याला ते खरं मानायचं होतं, हे तिला दिसत होतं. पण त्याने मान हलवली, तशीच, जशी आधीच्या चारांना हलवली होती, आणि म्हणाला, "बरं."